पहिला नंबर रिकामा

आमचे मामा कुठल्याही गोष्टीला नुसतं 'छान' म्हणत नाहीत. कितवं छान, ते सांगतात. बारामतीतल्या भेळेच्या गाड्या, नात्यातल्या सुना, दवाखान्यातले डॉक्टर, सगळ्यांचे त्यांच्याकडे नंबर असतात. नंबर सांगायचे तेही खालून वर. शेवटचा आधी आणि पहिला शेवटी, शाळेच्या बक्षीस समारंभात सांगतात तसे. एकदा गावातल्या एका बड्या माणसाच्या शोकसभेतून बाहेर पडताना, चपला शोधता शोधता त्यांनी मोठ्यानं निकाल लावला. "शेवटचा नंबर थोरल्या मुलाचा. रडतानाबी घड्याळ बघत हुता." थोरला मुलगा तिथंच उभा राहून स्वतःच्या चपला शोधत होता. मामांनी त्याच्याकडे बघून शांतपणे मान हलवली आणि गाडीला किक मारली.

हे सगळं मी हसत हसत लिहिते आहे असं कुणाला वाटेल. मी रागात आहे. आणि ज्यांनी मला राग करायला शिकवलं त्यांचाच राग आलेला असल्यामुळे तो नीट धरताही येत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. घर जळोचीत, ऊस सणसरला. जळोचीच्या घराखाली एक गाळा आहे. तो भाड्यानं दिला असता तर चांगला गेला असता, पण मामांनी तो आमच्या बँडला फुकट दिला. बँड म्हणजे आम्ही कॉलेजातले चौघं. मी गाते, किंवा ओरडते म्हणा. ड्रम वाजवणारा कोऱ्हाळ्याचा, त्याच्या घरी ऊस आणि कारखान्याचं सभासदत्व पिढ्यान्‌पिढ्या आहे. बाकी दोघं गिटारवाले. आम्ही जे वाजवतो त्याला पंक म्हणतात. तीन सूर, भरपूर वेग, आणि ज्याचा राग येतो त्याच्या नावानं बोंब. हे घरच्यांना समजावताना माझ्या तोंडाला फेस आला होता. मामांना एका वाक्यात कळलं.

"म्हंजी जलसाच की," ते म्हणाले. "तुझा पणजा गावोगाव जलशात गायचा. तुमी जरा घाईत हाय, एवढाच फरक."

गाणं ऐकायची त्यांची रीत ठरलेली. प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसायचं, लवंग दाढेखाली ठेवायची आणि पंखा बंद करायला लावायचा. "त्यो मधी मधी बोलतो," म्हणायचे. मे महिन्यात, शटर ओढलेल्या गाळ्यात, घामानं निथळत आम्ही वाजवायचो आणि मामा शर्टाचं एकही बटण न काढता ऐकायचे. शेजारचे एक निवृत्त साहेब एकदा आवाजाची तक्रार घेऊन आले. पोलिसांना फोन लावतो म्हणाले. मामांनी त्यांना दुसरी खुर्ची दिली, पंखा बंद केला आणि सांगितलं, "लावा की फोन. पन आधी पाच गाणी ऐका आन् नंबर सांगा. न ऐकता तक्रार केली तर त्यो खोटा जबाब हुतो." साहेबांनी ऐकली. तिसऱ्या गाण्याला ते उठायला लागले तर मामांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. शेवटी त्यांनी खरोखरच नंबर सांगितले, ते मामांना पटले नाहीत, आणि दोघांचं त्यावरून इतकं वाजलं की साहेब मूळ तक्रार विसरून घरी गेले.

असा माणूस. मला ते फार आवडायचे, हेही सांगून टाकते. नोकरीत असताना एका पुढाऱ्याच्या स्वागताला पोरं उन्हात उभी करायला त्यांनी नकार दिला होता. "पोरं शाळेत शिकायला आल्यात, तोरण व्हायला न्हाय," असं हेडमास्तरांच्या तोंडावर म्हणाले होते. मग त्यांची बदली पार तालुक्याच्या टोकाला झाली, एसटीनं धक्के खात गेले-आले, पण माफी मागितली नाही. ही गोष्ट खरी आहे, गावात कुणालाही विचारा. माणूस नुसताच ढोंगी असता तर मला एवढा त्रास झाला नसता.

आमच्या अल्बमचं नाव 'पाचट'. ऊस तुटून गेल्यावर रानात जी वाळकी पानं उरतात आणि एका काडीत पेटतात, ती पाचट. पाच गाणी झाली तेव्हा मामांनी जाहीर केलं की आता निकाल लागेल. खुर्ची आली, लवंग आली, पंखा बंद झाला.

"शेवटचा नंबर," मामा म्हणाले, "दिल्ली बहिरी."

ते आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं. गॅदरिंगला पोरांनी त्यावर बाक मोडले होते.

"मामा, त्याच्यावरच तर लोकं नाचत्यात," ड्रमवाला म्हणाला.

"नाचणारच की. दिल्लीला शिव्या द्यायला हितं कोण आडवतंय? जळोचीत शटर वढून बोंबलायचं आन् दिल्लीला बहिरी म्हणायचं. तिला ऐकू येईल कसं?" मग त्यांनी आपली मोजपट्टी सांगितली. "गाणं ज्याला घातलंय त्यो ऐकायच्या अंतरावर पाह्यजे. त्यो जितका जवळ, तितका गाण्याचा नंबर वर."

त्या मोजपट्टीनं टीव्हीवरच्या आरडाओरड्यावर केलेलं 'ब्रेकिंग' खालून दुसरं आलं. टीव्हीवाला घरात दिसतो, पण घरातलं ऐकत नाही, म्हणून. त्याच्या वर 'आडनाव सांगा'. ते मी पुण्यात खोली शोधत फिरले तेव्हाचं आहे. एका बाईंनी चहा दिला, खोली दाखवली, किल्लीसुद्धा हातात दिली, मग आडनाव विचारलं, आणि मग त्यांना आठवलं की खोली कालच कुणाला तरी दिली आहे. हे गाणं संपलं तेव्हा मामांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, हे तरी वर चढणार.

"पुणं अडीच तास," ते म्हणाले. "मधला नंबर. मला रडू आलं म्हणून मार्क वाढवणार न्हाय."

चौकातल्या फ्लेक्सवर केलेलं 'भावी' त्याच्या वर गेलं. चौक जवळ आहे हे मामांना मान्य होतं, पण तिथंही त्यांनी खोट काढली. "ज्याचा फोटो हाय त्याला तुमचं गाणं आवडंल. स्वतःच वाजवत फिरंल. शिवी खाणाऱ्याला शिवी आवडली की ती वाया गेली, ध्यानात ठेव." मी ते ध्यानात ठेवलं. आणि ऊसतोडीच्या टोळीतल्या बायकांवरचं 'कोयता' दोन नंबरला आलं. "त्या टोळीनं माझाबी ऊस तोडलाय," मामा म्हणाले. "पाचटाच्या कोपीतली ती लेकरं मी बघितल्यात आन् पुढं गेलोय. हे मला लागलं."

ड्रमवाल्यानं विचारलं, 'भावी' आणि 'कोयता' यांना सारखाच नंबर का नाही. मामांना ही गोष्ट कधीच खपायची नाही. "सारखा नंबर म्हंजी मास्तरला निवाडा करता येत न्हाय. दोघांत एक वर, एक खाली, हे असायचंच."

"आणि पहिला?" मी विचारलं.

"पहिला रिकामा. ज्याला घातलंय त्यो समोर बसलेला पाह्यजे. तसलं गाणं तुमच्यात आजून न्हाय."

ते गाणं सापडलं ते ड्रममुळे. मोठ्या ड्रमच्या पोटात कापड कोंबावं लागतं, नाहीतर ठोका नुसता घुमत राहतो. आई आमच्यासाठी डबा घेऊन यायची, तिला ड्रमवाल्यानं सांगितलं, काकू, एखादं जुनेर असलं तर आणा. दुसऱ्या दिवशी तिनं साडी आणली. हिरवी, जरीच्या काठाची, घडीसुद्धा न मोडलेली.

"अगं, ही कोरी आहे," मी म्हटलं.

"आसू दे. ती मला न्हाय नेसायची."

मग डबा सोडता सोडता, भाजी वाढता वाढता तिनं सांगितलं. आजोबा गेल्यावर मामांनी तिला इंदापूरच्या कचेरीत नेलं होतं. सणसरच्या कालव्याच्या पाण्यावरच्या जमिनीला बहीण-भावाची नावं लागली होती. आपल्याकडे बहिणीनं अशा वेळी हक्कसोडपत्र करून द्यायचं असतं. कुणी तसं सांगत नाही, पण गाडी दारात उभी राहिली की ती समजते. "साहेबानं इचारलं, स्वखुशीनं सोडताय का. दादा शेजारीच हुता. मी व्हय म्हणलं. पेनबी दादाच्याच खिशातलं. मग स्टँडजवळ मिसळ खाल्ली आन् दादानं साडीचोळी घेतली."

"तू सही का केलीस?"

"माहेर तुटू न्हाय म्हणून."

"मग राहिलं का माहेर?"

"ऱ्हायलं की. दिवाळीला जाती. पाव्हणी म्हणून." तिनं रिकामा डबा पिशवीत घातला. "त्या रानात मी खुरपलंय, दादा शाळंत हुता तवा."

मला ती गोष्ट तोवर माहीत नव्हती. आणि मला काय आठवलं म्हणाल, तर मामांचं जयंतीचं भाषण. दर वर्षी सणसरला विहारासमोर मांडव पडतो, मामा कोट घालून उभे राहतात आणि पुस्तकी भाषेत, एक 'हाय' की 'न्हाय' न येऊ देता सांगतात, की या भिंतीवरच्या फोटोतल्या माणसानं बायकांना संपत्तीत वाटा मिळावा म्हणून मंत्रिपदावर लाथ मारली. टाळ्या पडतात. पुढच्या रांगेत आई बसलेली असते, तीही वाजवते. इतकी वर्षं ती टाळी वाजवत आली आणि मीही तिच्या शेजारी बसून वाजवत आले.

गाणं एका बैठकीत झालं. नाव 'साडीचोळी'. धृपद शोधावं लागलंच नाही, सरकारी कचेरीनंच ते लिहून ठेवलं होतं: स्वखुशीनं, स्वखुशीनं, स्वखुशीनं. मधे एकच ओळ, 'सही माझी, बोटं माझी, पेन कुणाच्या खिशातलं?' ड्रमवाल्यानं त्या दिवशी असं बदडलं की साडी आतल्या आत गोळा झाली. त्याला नंतर विचारलं तर म्हणाला, त्याच्या दोन्ही आत्यांनी सह्या केल्यात.

मामांना ऐकवलं तेव्हा आई तिथंच होती. मी तिला आधी सांगितलं होतं, तुला नको असेल तर नाही वाजवत. ती म्हणाली, "वाजीव. त्याला गाणी आवडत्यात." खुर्ची, लवंग, पंखा बंद. मी मामांच्या पुढ्यात उभी राहून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून गायले. डोळ्यांत डोळे घालून गायले. ते हलले नाहीत. गाणं संपलं.

"परत," मामा म्हणाले.

परत वाजवलं. मग ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "एक नंबर. माझ्यासमोर मला घातलंस. निकाल पुरा झाला." त्यांचा आवाज भरून आला होता, खोटं नाही सांगत. ड्रमवाल्यानं सुटकेचा श्वास सोडला. आईनं चहा ओतला. मी वाट बघत उभी होते. नंबर झाला, आता पुढचं वाक्य येईल. मामांनी बशीत चहा ओतून प्यायला, बशी पालथी घातली, आणि आज पाण्याची पाळी आहे, दिवस मावळायच्या आत सणसरला पोचलं पाहिजे म्हणून निघून गेले. पाणी त्याच रानाला द्यायचं होतं.

त्यानंतर मामा ते गाणं घेऊन गावभर फिरले. मोबाइलवर वाजवायचे. विहारात, दूध संकलनाच्या कट्ट्यावर, लग्नात. "माझ्या भाचीनं माझी बिनपाण्यानं केली," असं अभिमानानं सांगायचे. लोक ऐकायचे, मामांकडे बघायचे आणि म्हणायचे, गुरुजी, मन लई मोठं तुमचं, दुसरा असता तर भाचीचं थोबाड फोडलं असतं. आमच्या गाण्यानं आईला बोटभर जमीन मिळाली नाही, मामांना मात्र मोठं मन मिळालं. चौकात फ्लेक्स लावणाऱ्याला आपलं गाणं आवडेल म्हणून नाक मुरडणारा हा माणूस स्वतःच फ्लेक्स होऊन फिरत होता. त्या दिवसांत मी मामांचे फोन घेतले नाहीत. कुणी गाण्याचं कौतुक केलं की माझं अंग जळायचं.

मग जयंती आली. आम्हाला वाजवायला बोलावलं होतं. मी जाणार नव्हते, पण आई म्हणाली, चल. मांडव, निळे झेंडे, पुढं बायका, मागं पुरुष. मामा कोटात. नेहमीचं भाषण झालं, मंत्रिपदावर लाथ मारून झाली, टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले, "आज मला एका व्यक्तीचा सत्कार करावयाचा आहे. जिच्या दुःखातून एक श्रेष्ठ गीत जन्मास आले, ती माझी भगिनी." आणि आईला वर बोलावलं. एका बाईनं ताट पुढं केलं.

ताटात साडी होती आणि वर चोळीचा खण.

मला आधी वाटलं, हे मुद्दाम आहे. नव्हतं. मामांच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद होता. आपल्याकडे बाईचा सत्कार म्हणजे साडीचोळी, एवढंच त्यांच्या डोक्यात. 'साडीचोळी' नावाच्या गाण्याला स्वतः पहिला नंबर देऊन, त्याच गाण्यासाठी, त्याच बहिणीला, परत साडीचोळी. ड्रमवाला माझ्या दंडाला धरून उभा होता, बहुतेक मी स्टेजवर धावून जाईन म्हणून.

आईनं ताट घेतलं. सूत्रसंचालकानं तिच्यापुढं माइक धरला, ताई, दोन शब्द बोला. तिनं आयुष्यात माइक हातात धरला नव्हता. तिनं मामांकडे बघितलं.

"दादा, नंबर दिलास, बरं झालं. आता कागद कधी करायचा?"

लोक हसले. भावा-बहिणीची चेष्टा चाललीय असं त्यांना वाटलं. आई हसली नाही. ती ताट धरून उत्तराची वाट बघत उभी राहिली, दुकानात सुट्ट्या पैशांसाठी उभी राहावी तशी. हळूहळू हसू थांबलं. पुढच्या रांगेतल्या बायका तर एकदम गप्प झाल्या. त्यातल्या निम्म्या त्या कचेरीत जाऊन आलेल्या.

मामांची पुस्तकी भाषा कुठल्या कुठं गेली. "हितं नगं, तायडे," ते हळू म्हणाले. "घरी बोलू." माइक चालू होता, त्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

आई खाली उतरली. साडी ड्रमवाल्याच्या हातात दिली आणि विचारलं, "ढोलात आजून जागा हाय का रं?" त्यानं तिथंच ड्रमचं कातडं सोडलं आणि ती आत घातली. त्या दिवशी आम्ही 'साडीचोळी' वाजवलं नाही. पोरांनी 'दिल्ली बहिरी' मागितलं, ते वाजवलं. सगळे नाचले.

घरी बोलणं कधी झालं नाही. आईनं फोन केला की मामा म्हणायचे, ऊस जाऊ दे. ऊस गेला. मग म्हणाले, कारखान्याचं बिल येऊ दे. शेवटी मी स्वतः सणसरला गेले. मामा बांधावर उभे होते. रानात तुटलेल्या उसाचा खोडवा फुटला होता, हिरवागार. मी कसलीही प्रस्तावना केली नाही.

"मामा, आईच्या त्या वाक्याला कितवा नंबर?"

त्यांनी खिशातली लवंग काढून दाढेखाली ठेवली.

"ती समोर होती. तुम्ही समोर होता. ऐकायच्या अंतरावर होता. तुमचीच मोजपट्टी."

"ते गाणं न्हवं," मामा म्हणाले.

"मग काय ते?"

"ती मागणी हाय." आणि त्यांनी लवंग थुंकली. "गाणं लिव्ह तू. शंभर लिव्ह. माझ्यावर लिव्ह. मी सगळ्यांला नंबर देतो."

मी परत आले. जळोचीच्या गाळ्याची किल्ली त्यांच्या बांधावर ठेवून आले. आता आम्ही कोऱ्हाळ्याला, ड्रमवाल्याच्या गोठ्याशेजारी वाजवतो. तिथं पंखाच नाही. खरं सांगायचं तर एखादं नवं गाणं झालं की माझी नजर अजून रिकामी खुर्ची शोधते, आणि मग मला स्वतःचाच राग येतो.

आईनं इंदापुरात वकील बघितलाय. वकील म्हणाले, कठीण आहे, सही तुमचीच आहे, स्वखुशीनं लिहिलेलं आहे. बाहेर आल्यावर मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "कठीण हाय म्हणला. न्हाय म्हणला न्हाय." मग आम्ही स्टँडजवळ मिसळ खाल्ली, त्याच हॉटेलात, आणि पैसे आईनं दिले.

पुढच्या आठवड्यात दाव्याची पहिली तारीख आहे. मी कोर्टाची खोली बघून आले. लहान आहे, दोनच बाक, एकाला एक लागून. मामा ऐकायच्या अंतरावर बसलेले असतील.